आधी लिटर, मग करवत

[दृश्य: इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दुकानाच्या फळीवर उघडे स्पीकर.]

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातला पासोड्या विठोबाजवळचा बाजार, स्पीकर विकला जातो तो इंचांवर आणि वॅटवर. घरी स्पीकरचा डबा बनवणाऱ्याला या दोन आकड्यांचा फारसा उपयोग नाही. त्याला विचारायचे असतात वेगळेच तीन आकडे: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. स्पीकरचा पडदा स्वतःहून किती हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती वेळा, डोलतो, तो डोल किती लवकर आवरतो, आणि पडद्याचा ताण किती लिटर हवेच्या ताणाइतका आहे.

हवेचा ताण म्हणजे काय? सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या ढकला, तो परत येतो. बंद डब्यातली हवा पडद्याला तशीच मागे रेटते. अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली याच हवेला स्प्रिंगचं काम दिलं आणि छोट्या डब्यातून खोल बेस काढून दाखवला. पुढं ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित इतकं सोपं केलं, की आज ते वहीच्या एका पानावर मावतं.

[दृश्य: वही, पेन्सिल, कॅल्क्युलेटर.]

समजा, साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा स्पीकर आहे. एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस २५ लिटर. बंद डब्यात बसवल्यावर वूफरचा क्यू (डोल आवरण्याचा आकडा) ०.७०७ व्हावा, हे लक्ष्य चांगलं. त्याला ०.४ नं भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा. आले सुमारे २.१२. आता २५ ला २.१२ नं भागा. डबा हवा ११.८ लिटरचा, आणि त्यात हा वूफर साधारण ८० हर्ट्झपर्यंत नीट उतरेल. जागा वाचवायला डबा ६ लिटरचा केला, तर डब्यातल्या पडद्याचा डोल ८० वरून १०२ हर्ट्झवर जातो आणि बेस घुमायला लागतो.

दुकानात हे आकडे मिळाले नाहीत तर? घरी मोजता येतात, आणि माझ्या मते कमी खर्चाच्या कामातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. ॲम्प्लिफायर आणि वूफरच्या मध्ये एक किलो-ओहमचा रेझिस्टर घालायचा. मोबाईलवरून सूर हळूहळू चढवत न्यायचा. वूफरच्या टोकांवरचा व्होल्टेज जिथं सर्वांत जास्त, तो एफएस. मग पडद्यावर वजन केलेला मातीचा छोटा गोळा चिकटवून पुन्हा मोजायचं. सूर किती खाली आला, त्यावरून आणि पडद्याच्या आकारावरून व्हीएएस निघतो. पहिल्या मोजणीत व्होल्टेजचं जे शिखर आलं, त्याच्या उंची-रुंदीवरून क्यूटीएस.

[दृश्य: एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटवर पेन्सिलीच्या रेघा.]

आता लाकूड. आतून उंची ३४०, रुंदी २००, खोली १९० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १३ लिटर. वूफर आणि आतले आधार साधारण एक लिटर खातात, ते यातून वजा. १८ मिलिमीटरचा एमडीएफ घेतला, तर दोन डब्यांना आठ बाय चारची अर्धी शीट पुरते, तुकडेही उरतात. वरच्या, खालच्या आणि बाजूच्या फळ्यांची रुंदी एकच ठेवा, २२६ मिलिमीटर: खोली १९०, अधिक पुढच्या-मागच्या फळ्यांची जाडी. त्या सगळ्या पट्ट्या दुकानातच, करवतीच्या एकाच सेटिंगवर कापून घ्या. काटकोन तिथं जितका नेमका येतो, तितका घरी हातानं येत नाही. कोकणात पावसाळी हवेत एमडीएफच्या कडा फुगतात, तिथं प्लाय बरा.

भोक मात्र वूफर हातात आल्यावरच, त्याच्यावर माप घेऊन. ट्वीटरचंही, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरचंही तेच.

पैसे कमी असतील तर ते वूफर, ट्वीटर आणि त्या दोघांत सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरवर घाला. सनमायका आणि पॉलिश पुढच्या महिन्यातही होईल. आत भरायला उशीवाल्याकडचं रेक्रॉन चालतं. कापूस नको, तो ओल धरतो.

[दृश्य: सांध्यांवर फेव्हिकॉल, क्लॅम्प.]

फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून केलेली लांबी (भेगा बुजवायचा लगदा) आतल्या सगळ्या सांध्यांत भरा आणि रात्रभर वाळू द्या. मग वूफर बसवून पडदा चार बोटांनी अलगद, सरळ आत दाबा, थोडा वेळ तसाच धरा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर डबा बंद आहे: दाबल्यावर निसटलेली थोडी हवा परत शिरायला वेळ लागतो. झटकन आला तर हवा कुठून तरी निसटते आहे. वूफर काढा, सांधे तपासा, पुन्हा लांबी भरा.