पांढऱ्या रंगाखालची गिटार

(नौपाडा, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

टेबलावर ठेवलेली ही इलेक्ट्रिक गिटार, अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, तुम्हाला पांढरी दिसते आहे. ती मुळात पांढरी नव्हती. सनबर्स्ट होती: मध्ये मधाळ पिवळा, मग तांबूस, कडेला काळा. तो रंग मी काढला. १९८९ साली, वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात, पॉलिश पेपरने घासून घासून काढला आणि वरून गाडीला मारतात तो ड्युको मारला. गिटार माझ्या मित्राची होती. तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. स्टेजवरच्या दिव्यांत पांढरी गिटार उठून दिसते म्हणाला, आणि मला ते काम करताना अभिमान वाटला होता.

मित्र गेला. मागच्या दिवाळीनंतर वहिनी कोपरीहून रिक्षाने ही पेटी घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भावोजी, विकायची आहे. पुतण्याने फोनवर बघितलं, तो वीस लाख सांगतो. एक गृहस्थ घरी येऊन बघून गेले, ते चाळीस हजार रोख देतो म्हणाले. खरं कोणाचं?"

दोघांचंही नाही. पण ते कसं ठरवायचं, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत अशा कितीतरी पेट्या माळ्यावर आहेत. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणीतरी आणलेल्या, ऑर्केस्ट्राच्या दिवसांत घेतलेल्या. वाजवणारा जातो आणि घरच्यांच्या हातात एक न कळणारी वस्तू राहते.

तेव्हा पहिली गोष्ट: पेटी उघडली की काही करू नका. पुसू नका, चकाकी आणू नका, दुरुस्तीला टाकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तारा गंजतात, फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, हिरवट थर चढतो, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की त्याखालचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा भाग, खरखरतो. दुकानातला मुलगा म्हणेल, शंभर रुपयांचा पॉट आहे, बदलून टाकू. नको. तो खरखरणारा पॉट म्हणजे या गिटारचा जन्मदाखला आहे. मी माझ्या उमेदीच्या वर्षांत असे किती जुने पॉट काढून कचऱ्यात टाकले, त्याची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

दाखला कसा, ते बघा. अमेरिकन पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. या गिटारच्या पॉटवर १३७६६३२ असं आहे. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ असतं तर स्टॅकपोल. मग ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्ट. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर सालाचा एकच आकडा असतो, तिथे जरा जपून वाचावं लागतं. पॉटची झाळ, म्हणजे सोल्डरिंग, मूळची असेल, तर गिटार त्या आठवड्याच्या आधी जोडलेली असू शकत नाही.

नंतर मात्र असू शकते. इथेच पुष्कळ जण चुकतात. फेंडर कंपनीने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढची दोन-तीन वर्षं पुरला. त्यामुळे १९६६चा पॉट दिसला म्हणून गिटार १९६६ची म्हणता येत नाही. मी तारा सैल केल्या, मागचे चार स्क्रू काढले आणि मान अलगद वेगळी केली. मानेच्या टाचेवर शाईचा ठसा मिळाला: एप्रिल ६८, शेवटी बी हे अक्षर. बी म्हणजे नटापाशी, मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, मानेची रुंदी नेहमीची. मानेच्या टोकाचं मोठं हेड, मानेचे स्क्रू बसतात त्या मागच्या धातूच्या पट्टीवर फेंडरचा मोठा एफ, तारा पिळायच्या खुंट्यांच्या जागा, सगळं १९६८शी जुळतं. मान काढणं घरी करून बघू नका. स्क्रू जाम झालेला असेल तर लाकूड चिरतं. जाणकाराकडून काढा आणि तो काढत असताना फोटो घ्या.

आता साल कळलं, तर एवढा फरक का पडतो? लिओ फेंडर यांनी फुलर्टन या कॅलिफोर्नियातल्या गावात कंपनी वाढवली. १९५० साली ब्रॉडकास्टर नावाची गिटार आली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच असल्यामुळे नाव बदलावं लागलं आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. मधल्या काही महिन्यांत हेडवर मॉडेलचं नावच नव्हतं आणि त्या बिननावाच्या गिटारी आज फार मोलाच्या आहेत. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली, म्हणजे ही. १९६५च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. संग्राहकांच्या मनात तिथे एक रेघ ओढली गेली आहे. रेघेअलीकडची १९६३ची आणि पलीकडची १९६८ची गिटार वाजवायला बसलात तर फरक भावातल्या फरकाइतका मोठा नाही, असं माझं मत आहे. पण भाव कान ठरवत नाहीत. पुतण्याने पाहिलेले वीस लाख हे रेघेअलीकडच्या, हात न लागलेल्या गिटारची मागणी होती.

नंबरावर विसंबू नका, हे वेगळं सांगतो. फेंडरचा नंबर तेव्हा मागच्या पट्टीवर असायचा आणि पट्टी चार स्क्रूंनी बदलते. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीचं उलट आहे, नंबर लाकडात ठोकलेला. १९७७पासूनच्या आठ आकडी नंबराची रचना मला फार आवडते. समजा ८२७६३५१२. पहिला आणि पाचवा आकडा मिळून ८३, म्हणजे १९८३. दुसरा ते चौथा २७६, वर्षाचा दोनशे शहात्तरावा दिवस, ३ ऑक्टोबर. शेवटचे तीन ५१२. पाचशेच्या वर म्हणजे नॅशव्हिलचा कारखाना, खाली असते तर कॅलमझूचा. गिब्सन आली की आधी हेडच्या मागे बोट फिरवा. महोगनीची एकसंध मान, मागे झुकलेलं हेड, त्यामुळे ती पडली की तिथेच मोडते. कितीही सुंदर चिकटवली तरी भाव साधारण निम्म्यावर येतो. तडा लपवायला वर रंग मारलेला असेल तर खिडक्या बंद करून नोटा तपासायचा निळा दिवा धरा. जुनं लॅकर, म्हणजे लाकडावरचं मूळ पॉलिश, हिरवट-पिवळं चमकतं, नवा थर काळपट किंवा वेगळाच दिसतो.

जपानी गिटारबद्दल थोडक्यात. आपल्याकडे त्या बऱ्याच आहेत आणि चांगल्या आहेत. माझ्या मते अमेरिकन गिटारच्या नादात आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझ या जपानी गिटारच्या अमेरिकन वितरकावर हेडच्या आकारावरून दावा लावला. तेव्हापासून सत्तरीतली कुठलीही जपानी नक्कल 'दाव्याची गिटार' म्हणून चढ्या भावाने विकायची रीत पडली आहे. दावा एकाच नावावर होता. त्या शब्दाचे पैसे देऊ नका आणि विकताना मागूही नका.

आता हिशोब. मी वहिनींना कागदावर लिहून दाखवला, तोच सांगतो. त्याच सालाची, मूळ अवस्थेतली, मूळ पेटीसकट गिटार १०० धरा. रंग बदललेला असेल तर थेट ५०. इतर भाग लहान लहान आहेत, रंग मात्र निम्मा घेऊन जातो. हिच्या खुंट्या बदललेल्या होत्या, नव्या स्क्रूंची भोकं पडलेली, म्हणून ४५. फ्रेट एकदा नीट बदललेत, त्याचं मी काही वजा केलं नाही. वाजवलेल्या गिटारचे फ्रेट झिजणारच. मग प्रश्न येतो, विकायची कोणाला. दुकानदार घेणार असेल तर त्याला त्याचं भाडं, दुरुस्ती, अडकलेला पैसा बघावा लागतो, तो साधारण साठ टक्के देतो. म्हणजे ४५चे २७. यात त्याची लबाडी नाही. थेट वाजवणाऱ्याला विकली तर ४५च्या जवळ जाल, पण सहा महिने थांबावं लागेल आणि दहा लोक घरी येऊन चहा पिऊन जातील.

आणि ते १०० म्हणजे रुपयात किती? इथे एकच नियम: मागितलेला भाव बघू नका, मिळालेला बघा. नेटवर कोणीही काहीही मागतं. त्याच संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे बघता येतात. मी त्याच सालाच्या, रंग बदललेल्या गिटारींचे व्यवहार शोधले. आकडे साडेचार ते साडेपाच लाखांच्या आसपास पडले. मूळ रंगातल्या गिटारी याच्या दुपटीच्या घरात गेल्या होत्या. तो फरक मी १९८९ साली एका दुपारी पॉलिश पेपरने खरवडून टाकला होता. फेंडर स्वतः गाडीच्याच रंगांतून आपले खास रंग निवडायची, ड्यू पाँट कंपनीच्या ड्युको आणि ल्युसाइट रंगांतून. हे मला नंतर कळलं. माझा ड्युको त्या जातीचा नव्हता आणि तो कारखान्यात मारलेला नव्हता, एवढंच बाजाराला दिसतं.

कोणी वाजवली यालाही किंमत आहे. पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिलमूरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. ती किंमत लाकडाची नाही. पण त्यासाठी पुरावा लागतो. आपल्याकडे लोक सांगतात, अमुक गाण्यात हीच वाजली आहे. त्या वेळचा जुना फोटो शोधा. पारदर्शक रंगाखालच्या लाकडाच्या रेषा बोटांच्या ठशासारख्या असतात, फोटोतल्या रेषा आणि हातातल्या रेषा जुळवता येतात. हिच्या रेषा आता पांढऱ्याखाली आहेत.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर फ्रेटबोर्डचं, म्हणजे मानेवर बोटं टेकतात त्या पट्टीचं, लाकूड विचारलं जाईल. ब्राझिलचा शिसव १९९२पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक यादीत आहे, परवान्याशिवाय सीमेपार जात नाही. आपल्या शिसवावरही २०१७मध्ये कागदपत्रं लागू झाली, तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरात सूट मिळाली. फेंडरने साधारण १९६६नंतर भारतीय शिसव वापरायला घेतला. म्हणजे हिच्या मानेवरचं लाकूड बहुधा आपल्याच जंगलातून फुलर्टनला गेलं आणि बोटीने ठाण्यात परत आलं.

हे सगळं झाल्यावर मी वहिनींना विचारलं, घरात अजून काही? त्यांनी माळ्यावरून डालडाचा एक डबा आणला. आत जुन्या खुंट्या होत्या, झाकणावर एफ कोरलेल्या, सहाच्या सहा. ब्रिजवरचं, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या भागावरचं, स्टीलचं झाकण, सूर हलवायची ट्रेमोलोची दांडी आणि बोटीवरच्या माणसाने लिहून दिलेली पावती. मित्राने इतकी वर्षं काही फेकलं नव्हतं. ४५चे मी ४८ केले. तुमच्या घरी असा डबा असेल तर गिटारच्या आधी तो शोधा.

वहिनींनी अजून विकलेली नाही. पुण्याचा एक वाजवणारा मुलगा येऊन गेला, पुन्हा येणार आहे. चाळीस हजारवाल्या गृहस्थांना त्यांनी नको म्हणून कळवलं. पेटीत आता एक पाकीट ठेवलं आहे: पॉटचे, ठशाचे, झाळीचे फोटो, पावती, आणि माझ्या सहीचा एक कागद. त्यावर लिहिलं आहे की या गिटारचा मूळ सनबर्स्ट रंग मी १९८९ साली ठाण्यात काढला, बॉडीत कुठलंही नवं भोक पाडलं नाही आणि पिकअपना, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागांना, हात लावला नाही.

मान अजून बसवलेली नाही. ज्यांना ठसा बघायचा आहे त्यांनी इथे पुढे या. हात कोरडे करून या.