तीस दिवसांचं कार्ड

(कोल्हापुरातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी याच शहरात लहानाची मोठी झाले. गेली चोवीस वर्षं अमेरिकेत, इलिनॉय राज्यात राहते, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. परवा मामेभाऊ स्टेशनवर घ्यायला आला आणि बॅगा गाडीत टाकता टाकताच म्हणाला, "ताई, तुमच्याकडं म्हणे मंडईत भाजी घ्यावी तशा बंदुका मिळतात." त्याला गाडीत जे सांगायला सुरुवात केली, ते घर आलं तरी संपलं नव्हतं. उरलेलं आज तुम्हाला सांगते.

माझ्याकडे एक रायफल आहे. पॉइंट टू-टू, नेमबाजीची. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात पालथं पडून पहिल्या पाच गोळ्या मारल्या, तेव्हापासूनची ही ओढ. २०१० साली आपली तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात जगज्जेती झाली, तेव्हा मी तिकडे घरात एकटीच ओरडले होते. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक घेतलं ते तर कालपरवाचं. श्वास रोखून, दोन ठोक्यांच्या मधे ट्रिगर दाबणं ही काय चीज आहे हे या गावाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्यामुंबईत सांगावं लागतं.

अमेरिकेत गेल्यावर पहिली बरीच वर्षं मी बंदूक घेऊच शकत नव्हते. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, असे एकदोन अपवाद सोडा. ग्रीन कार्ड झाल्यावर, २०१४ मध्ये, मी दुकानात गेले. ४४७३ नंबरचा केंद्राचा फॉर्म असतो. तुमच्यावर गंभीर गुन्हा आहे का, घरगुती हिंसाचाराची शिक्षा झाली आहे का, नशा करता का, नागरिक कुठले, असे प्रश्न. खोटं लिहिलं तर तोच गुन्हा. मग दुकानदार तुमची माहिती तपासणीला पाठवतो आणि तीनपैकी एक उत्तर येतं: द्या, थांबा, देऊ नका.

मला 'थांबा' आलं.

का, ते ऐकून तुम्हाला हसू येईल, पण मला तेव्हा रडू आलं होतं. आपलं मधलं नाव. लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर एक, ग्रीन कार्डवर माझं आणि नवऱ्याचं नाव जोडून एकच शब्द, गाडीच्या लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. म्हाताऱ्या दुकानदारानं तिन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?" सहाव्या दिवशी उत्तर आलं. केंद्राच्या नियमाप्रमाणे कामकाजाचे तीन दिवस उलटून गेले आणि उत्तर नाही आलं, तर दुकानदाराला विक्री करण्याची मुभा असते. हा म्हणाला, "उत्तर आल्याशिवाय मी देत नाही." त्या सहा दिवसांबद्दल माझी आजही तक्रार नाही. नावं जुळत नव्हती, त्यांनी खात्री करून घेतली. हे आधी सांगते, कारण पुढं मी चिडून बोलणार आहे, आणि ती चीड तपासणीवर आहे असा समज नको.

आता आमच्या राज्याचं वेगळेपण. इलिनॉयमध्ये १९६८ पासून एक कार्ड लागतं. फायरआर्म ओनर्स आयडेंटिफिकेशन, सगळे 'फॉइड' म्हणतात. बंदूकच काय, एक काडतूस घरात ठेवायचं तरी हे कार्ड हवं. फी दहा डॉलर, मुदत दहा वर्षं, देणार राज्याचे पोलीस. आणि कायद्यातच लिहिलंय की नवा अर्ज आला की तीस दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. कार्ड असलं तरी प्रत्येक खरेदीला पुन्हा तपासणी, आणि २०१९ पासून कुठलीही बंदूक असो, ७२ तास थांबायचं. म्हणजे भाजी मंडई नाही.

२०२० साल आठवा. महामारी, त्यात पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या मृत्यूनंतरची निदर्शनं, जाळपोळ, रिकामे रस्ते. लोक घाबरले. त्या जून महिन्यात देशभरात एफबीआयच्या यंत्रणेतून ३९ लाखांहून जास्त तपासण्या झाल्या. इलिनॉयमध्ये ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती अशांनी फॉइडसाठी रांग लावली. तीस दिवसांचं कार्ड मिळायला तीन-तीन, चार-चार महिने लागायला लागले. उन्हाळ्यात अर्ज केलेल्यांना थंडी पडली तरी पत्ता नाही. फोन लावावा तर कुणी उचलत नाही. शेवटी इलिनॉय स्टेट रायफल असोसिएशन आणि सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन या बंदूकधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या.

तुम्ही म्हणाल, सरकारी काम आणि सहा महिने थांब, यात नवीन काय? मीही आधी तेच म्हणाले. रेंजवर माझ्या शेजारच्या लेनवर एक निवृत्त शिक्षक येतात, त्यांना मी आपली ही म्हण सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या देशात तो परवाना आहे. इथं तो हक्क आहे." त्यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना देणं न देणं हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात. तिकडे १७९१ साली संविधानात दुसरी दुरुस्ती, 'सेकंड अमेंडमेंट', म्हणून शस्त्र बाळगण्याचा हा हक्क लिहिला गेला. तो लिहायला हवा होता की नको, यावर तिथं रोज भांडणं होतात. पण लिहिलेला आहे तोवर, सरकारनं 'नाही' न म्हणता नुसतं गप्प बसून तो अडवला, तर दाद मागायची कुठं? नकार मिळाला तर अपील करता येतं. मारकुट्या नवऱ्याला सोडून वेगळी राहणारी एखादी बाई असेल, तिनं चार महिने काय करायचं?

आणि नागरिकाला मात्र एक दिवसाची सवलत नाही. कार्ड रद्द झालं तर ४८ तासांत ते परत करायचं, बंदुकांचं काय केलं ते लेखी द्यायचं. आमच्यासाठी तास, त्यांच्यासाठी महिने.

आता मी तुम्हाला ऑरोराला नेते. आमच्यापासून वीस मिनिटांवर. १५ फेब्रुवारी २०१९, शुक्रवारची दुपार. पाण्याच्या वाहिन्यांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीवरून काढलेल्या कामगारानं पाच जणांना मारलं. त्यातला एक विद्यार्थी होता, इंटर्नशिपचा त्याचा पहिलाच दिवस होता. आमच्या ओळखीतल्या किती मुलांचे असे पहिले दिवस त्याच भागातल्या ऑफिसांत गेलेत. त्या रात्री आमच्या मराठी घरांतून एकमेकांना फोन चालले होते, "पोरं घरी आली का?"

मारणाऱ्याला १९९५ साली मिसिसिपीत गंभीर हल्ल्याची शिक्षा झाली होती. तरी २०१४ मध्ये त्याला फॉइड मिळालं. त्यावर त्यानं पिस्तूल घेतलं. पुढं लपवून बाळगायच्या परवान्यासाठी त्यानं स्वतःहून बोटांचे ठसे दिले, तेव्हा जुनी शिक्षा सापडली आणि कार्ड रद्द झालं. रद्द झाल्याचं पत्र गेलं. पिस्तूल आणायला कुणी गेलं नाही. पाच वर्षं ते त्याच्याकडेच होतं. नंतर बाहेर आलं की हा एकटा नव्हता. रद्द झालेल्या कार्डांच्या बहुतेक मालकांनी बंदुकीचं काय केलं हे कळवलंच नव्हतं.

माझं म्हणणं इथं येऊन ठेपतं, आणि ते मला इलिनॉयच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगायचंय. निर्दोष माणसाला चार महिने ताटकळत ठेवणारं टेबल आणि गुन्हेगाराच्या घरी पाच वर्षं न गेलेलं टेबल एकच आहे. माणसं कमी, नोंदी अर्धवट, एका राज्याचा कागद दुसऱ्याला वेळेवर मिळत नाही. ज्यांना वाटतं की उशीर लागतोय म्हणजे कसून तपासणी चाललीय, त्यांनी ती फाइल कुठं पडून असते ते बघावं. ती कुणी तपासत नसतं. ती नुसती पडलेली असते.

साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचं उदाहरण घ्या. जून २०१५ मध्ये तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. त्या तरुणाची तपासणी 'थांबा'वर अडली होती. ड्रग्जच्या प्रकरणात अटक झाल्याची नोंद होती, पण कुठल्या पोलिसांनी केली तेच चुकीचं लिहिलेलं. तपासणारी व्यक्ती भलत्याच ठाण्याकडे विचारणा करत राहिली, तीन दिवस गेले आणि दुकानदारानं नियमाप्रमाणे पिस्तूल दिलं. एफबीआयच्या प्रमुखांनी पुढं ही चूक जाहीरपणे मान्य केली. हे वाचलं तेव्हा मला माझ्या त्या म्हाताऱ्या दुकानदाराची आठवण झाली. वॉलमार्टसारखी मोठी साखळीही २००२ पासून उत्तर आल्याशिवाय बंदूक देत नव्हती. कायदा तसं म्हणत नाही.

नवा कायदा आला की ही कोंडी आणखी वाढते. बंदी येणार अशी कुणकुण लागली की दुकानांत झुंबड, झुंबडीनं तपासण्यांचा ढीग, ढिगानं उशीर. ओरेगन राज्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी खरेदी-परवान्याचा कायदा निसटत्या बहुमतानं मंजूर केला, तेव्हा हेच झालं. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून तपासणी एफबीआयकडून स्वतःच्या पोलिसांकडे घेतली, काडतुसांनाही लावली, आणि वर फी.

आमच्याकडे १० जानेवारी २०२३ ला गव्हर्नर प्रित्झकर यांनी सही केली. ज्यांना 'असॉल्ट वेपन' म्हणतात त्या लष्करी धाटणीच्या बंदुकांची विक्री बंद, रायफलीला दहा गोळ्यांपेक्षा मोठं मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, नाही, पिस्तुलाला पंधरापेक्षा. आधीपासून ज्यांच्याकडे आहेत त्यांनी १ जानेवारी २०२४ पर्यंत राज्याकडे नोंद करायची. राज्यात १०२ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या, आणि त्यांच्या बहुसंख्य शेरीफांनी, म्हणजे पोलीसप्रमुखांनी, सांगितलं, आम्ही घरोघर जाऊन हे तपासणार नाही. मुदत संपली तेव्हा सुमारे २९ हजार लोकांनी नोंद केली होती. फॉइडधारक चोवीस लाखांच्या घरात. प्रत्येकाकडे तसली बंदूक नसते हे धरलं तरी आकडा बोलका आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी कायदा उचलून धरला, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवला, वरच्या कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. सामान्य माणसानं कपाटातल्या रायफलीचं नेमकं काय करावं?

मला स्वतःला त्या रायफली नकोत. रेंजवर हे बोलले म्हणून दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण ते का चिडलेत ते मला कळतं. चोर सोडून संन्याशाला सूळ, असं त्यांना वाटतं. ज्यानं कार्ड काढलं, ठसे दिले, फी भरली, त्याचाच पत्ता सरकारकडे आहे, म्हणून नोटीस त्यालाच.

तरी हा कायदा ज्या दिवसामुळे आला तो दिवस मी विसरू शकत नाही. ४ जुलै २०२२, शिकागोजवळच्या हायलंड पार्कमधली स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, आणि तिच्यावर गोळीबार. सात जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी. मारणारा एकवीस वर्षांचा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यानं घरच्यांना मारायची धमकी दिली म्हणून पोलिसांनी त्याचे सुरे जप्त करून राज्याला अहवाल पाठवला होता. तेव्हा त्याच्याकडे फॉइड नव्हतं, अर्जही नव्हता. रद्द करायला काही नाही म्हणून अहवाल बाजूला पडला. तीनच महिन्यांनी त्यानं अर्ज केला. एकवीसच्या आतल्याला पालकाची सही लागते. वडिलांनी केली. कार्ड मिळालं. वडिलांना पुढं त्या सहीसाठी तुरुंगात जावं लागलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माझी मुलगी सोळाची होती आणि तिला शाळेबाहेरच्या रायफल संघात जायचं होतं. तोच फॉर्म माझ्यासमोर आला. त्यात लिहिलेलं असतं की या मुलीच्या हातून बंदुकीनं जे काही नुकसान होईल त्याला सही करणारा जबाबदार. जेवणाच्या टेबलावर मी तो कागद तीन रात्री ठेवला. ती रोज शाळेतून आल्यावर बघायची, काही बोलायची नाही. चौथ्या दिवशी मी तिला समोर बसवलं आणि माझी आई मला विचारायची तसं विचारलं: झोप लागते का, कुणाचा राग आहे का, कुणी त्रास देतं का. दोन तास आम्ही बोललो. रायफलीबद्दल त्यातलं दहा मिनिटं असेल. मग मी सही केली.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, एवढा त्रास आहे तर मुलीला बॅडमिंटन का नाही शिकवलं? काका, तिला बॅडमिंटनही येतं. पण गेल्या महिन्यात तिनं मला तिच्या टार्गेटचा फोटो पाठवला, दहाच्या वर्तुळात नऊ भोकं, एक काठावर. मी तो आईला दाखवला. आई म्हणाली, "ते एक का चुकलं, ते विचार तिला."