छत्तीस तासांनंतरचा ताप

(दृश्य: रात्रीचा बालरुग्ण कक्ष. सलाईनच्या नळीतून पडणारे थेंब.)

इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांची, बाटली संपली, की घड्याळ लावलं जातं. छत्तीस तास. त्यानंतरही ताप राहिला किंवा परत चढला, तर या मुलाचा कावासाकी आजार, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारं दुखणं, या पहिल्या औषधाला दाद देत नाहीये. दर शंभरात दहा ते वीस मुलांचं असंच होतं. आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना फुगा येण्याचा धोका याच मुलांना जास्त.

(दृश्य: तोक्यो, जुनी छायाचित्रं.)

१९६१ च्या जानेवारीत डॉ. तोमिसाकु कावासाकींनी चार वर्षांचा एक मुलगा तपासला. अंगात ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले. हे दुखणं कुठल्याच ओळखीच्या आजारात बसेना. १९६७ साली त्यांनी अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे औषध सापडलं, तेच इम्युनोग्लोब्युलिन. पण ते कुणाला लागू पडणार नाही, हे आधी कसं ओळखायचं?

(दृश्य: प्रयोगशाळा, रक्ताच्या नळ्या.)

२००६ मध्ये जपानच्या गुन्मा भागातल्या डॉक्टरांनी त्यासाठी एक गुणतक्ता मांडला. त्यातल्या तपासण्या अगदी नेहमीच्या: सोडियम, यकृताचं एएसटी, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, सूज दाखवणारं सीआरपी, प्लेटलेट. त्यांच्या जोडीला मुलाचं वय. सातवी नोंद मात्र चक्रावून टाकते. आजाराच्या पहिल्या चार दिवसांतच उपचार सुरू झाले असतील, तर धोक्याचे दोन गुण! लवकर औषध मिळालं, तर बरंच नाही का? पण मूल इतकं फणफणलेलं असतं, लक्षणं इतकी ठळक असतात, म्हणूनच तर निदान लवकर होतं. आजाराचा जोरच तिथे बोलत असतो.

या तक्त्याने निवडलेल्या मुलांना जपानमध्ये सुरुवातीपासूनच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही दिलं गेलं. २०१२ चे आकडे आजही थक्क करतात: धमन्यांतले दोष २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर.

(दृश्य: इकोचा पडदा, धडधडणारं छोटं हृदय.)

अमेरिकेतल्या मुलांना मात्र तोच तक्ता लावला, तेव्हा औषधाला दाद न देणारी निम्म्याहून अधिक मुलं त्यातून निसटली. म्हणून आता पहिल्या इकोवरही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरही, बारीक नजर असते. धमनी आधीच रुंदावलेली दिसली, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असलं, तर अनेक डॉक्टर छत्तीस तासांची वाट पाहत नाहीत. पहिल्याच बाटलीबरोबर दुसरं औषध सुरू करतात.