रॅम ३६०० वर थांबवा, मग टायमिंग घट्ट करा

(दृश्य : उघडी कॅबिनेट. बी ५५० बोर्ड, चार रॅम स्लॉट.)

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी ४५० किंवा बी ५५० बोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर ४ स्टिक. पाकिटावर रॅमचा वेग ३२०० छापलेला असतो, पण टास्क मॅनेजरमध्ये २१३३ नाहीतर २६६६ दिसतं. रॅममध्ये खोट नाही, बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे छापील वेगाची तयार सेटिंग, चालू करायचं राहून गेलंय. काही बोर्डांवर त्यालाच ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी म्हणतात. चालू केल्यावर माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे अ‍ॅप १६०० दाखवेल. तेही बरोबरच आहे, कारण डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते.

आता स्टिक कुठे बसवल्या आहेत ते पाहू.

(दृश्य : प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटवर कॅमेरा.)

या वर्गातल्या बहुतेक बोर्डांवर तार आधी जवळच्या स्लॉटला लागून पुढच्या स्लॉटपर्यंत जाते. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये बसवली, तर पुढचा तुकडा मोकळा लोंबतो. सिग्नल त्याच्या टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नल गढूळ करतो. म्हणून दोन स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच हव्यात. चार स्टिक भरल्या की मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि वरचा वेग गाठणं अवघड होतं.

आता मुख्य काम. बायोसमध्ये मेमरी ३६००, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या फॅब्रिकचा वेग) १८००, टायमिंग (कामागणिक किती ठोके थांबायचं ते आकडे) १८-२२-२२-४२, रॅमचा व्होल्टेज १.३५, गरज पडली तर १.४०. एसओसी, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचा व्होल्टेज १.१. सेव्ह केल्यावर स्क्रीन काळी राहील, मशीन दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होईल. बोर्ड मेमरीशी जुळवून घेतोय, मिनिटभर हात लावू नका. फारच अडकलं तर प्लग काढून बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा.

सीएल, म्हणजे टायमिंगमधला पहिला आकडा, १६चा १८ झाला म्हणून नाक मुरडू नका. ३२०० वर सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० वर सीएल १८ म्हणजेही १०. विलंब तेवढाच राहतो. दोन चॅनेलची कमाल बँडविड्थ मात्र सेकंदाला ५१.२ जीबीवरून ५७.६ जीबीवर जाते, आणि प्रोसेसरच्या आतला फॅब्रिकही वेगाने धावतो.

मग ४००० का नको? एफसीएलके आणि मेमरीचा खरा ठोका (छापील आकड्याच्या निम्मा) एकास एक चालायला हवेत, म्हणजे ४००० ला एफसीएलके २००० लागेल. काही प्रोसेसर १९०० पर्यंत जातात, बरेच त्याआधीच अडतात. त्यापुढे मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो. आकडा मोठा दिसतो, विलंब वाढतो. महागडा बोर्ड घेऊनही हे बदलत नाही, कारण ही मर्यादा प्रोसेसरची आहे.

(दृश्य : सगळे टायमिंग दाखवणाऱ्या झेनटायमिंग्स अ‍ॅपची खिडकी, टीआरएफसीच्या ओळीवर बाण.)

खरी कमाई इथे आहे. टीआरएफसी म्हणजे रिफ्रेशसाठी मेमरी अडून राहते तो वेळ. ऑटोवर बोर्ड बहुधा ६३० ठेवतो, म्हणजे ३५० नॅनोसेकंद. ८ गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाण मूल्य तेच आहे. मायक्रॉनची ई रिव्हिजन ही चिप साधारण ३०० नॅनोसेकंद सोसते, म्हणजे ५४०. सॅमसंगची बी-डाय चिप त्याहून बरीच खाली जाते. एका वेळी २० ने उतरवा आणि प्रत्येक पायरीवर टेस्टमेम५ हे मेमरी तपासणारं अ‍ॅप चालवा.

विंडोज सुरू झालं म्हणजे सेटिंग जमली, हा समज सगळ्यात घातक. एक बिट चुकला तरी फाइल गुपचूप खराब होते. म्हणून टेस्टमध्ये एक एरर आली तरी सेटिंग नापास. एरर पहिल्या दोन-चार मिनिटांतच आली, तर आधी मुख्य टायमिंग आणि व्होल्टेजवर संशय घ्या. अर्ध्या तासाने, स्टिक तापल्यावर आली, तर टीआरएफसीवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर रॅमच्या टायमिंगला हात लावू नका, एफसीएलके आणि त्याच्या जोडीने मेमरीचा वेग खाली आणा.

शेवटची चाचणी गेम किंवा ग्राफिक्स टेस्ट चालू ठेवून करा. कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर येते, आणि तापलेल्या चिपमधला चार्ज लवकर गळतो. जानेवारीत पास झालेला ५४० नागपूरच्या मे महिन्यात एरर देऊ शकतो. तिथे ५६० ठेवा.