शस्त्रक्रियेचा वण आणि प्रकाशाचे उपचार

नमस्कार, श्रोतेहो.

शस्त्रक्रिया पार पडते, टाके निघतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण ज्याच्या अंगावर तो लालसर, फुगीर वण राहतो, त्याला "जीव वाचला ना, मग वणाचं काय एवढं?" असं कृपा करून म्हणू नका. वण खाजतो, ओढल्यासारखा दुखतो, सांध्यावर असला तर हालचालही अडवतो. त्यावर उपचार मागणं ही चैन नव्हे.

नवा वण लाल दिसतो, कारण जखम भरताना तिथं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. पल्स्ड डाय लेसर, म्हणजे क्षणभराच्या झोतांनी प्रकाश टाकणारं यंत्र. त्याचा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश नेमका रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. त्या उष्णतेनं वाहिन्या बंद होतात, लाली उतरते आणि हळूहळू वण मऊ पडतो. आजूबाजूच्या कातडीला फारशी इजा न करता हवा तेवढाच भाग तापवायचा, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं.

यात वेळेला फार महत्त्व आहे. वण पक्का व्हायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. काही अभ्यासांत टाके काढले त्याच दिवशी लेसर सुरू केला आणि वण अधिक चांगले बसले. म्हणून वर्षभर वाट पाहण्यापेक्षा टाके काढतानाच डॉक्टरांना विचारावं, असं मला वाटतं. जुन्या, कडक वणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर, म्हणजे कातडीत बारीक बारीक छिद्रं पाडणारा लेसर, वापरतात.

घरी वापरायच्या लाल एलईडी दिव्यांबद्दल मात्र जपून बोलायला हवं. लाल प्रकाशाचा पेशींवरचा परिणाम मात्रेनुसार बदलतो: कमी मात्रेत पेशी चेतवल्या जातात, जास्त मात्रेत त्यांची वाढ मंदावते. वणावरचा माणसांमधला पुरावा अजून तोकडा आहे. दिवा आणलाच, तरी वणावर लावायचं सिलिकॉन जेल सोडू नका.

आणि प्रकाश म्हणून कोवळ्या वणाला ऊन देऊ नका! उन्हातल्या अतिनील किरणांनी तो काळवंडतो. वण झाकून ठेवा किंवा सनस्क्रीन लावा. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषतं, त्यामुळे डाग पडू शकतात. आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या. पूर्वी केलॉइड, म्हणजे जखमेच्या कडेबाहेर वाढत जाणारा जाड वण, झाला असेल, किंवा उन्हाची संवेदनशीलता वाढवणारं डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.