विहीर ते टँक

(दृश्य: मे महिना. वावरातली बांधीव विहीर. काठावर चपलांचा ढीग.)

निवेदन:

चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गावातली पोरं दुपारी घरी सापडत नाहीत. ती कोणाच्या तरी वावरातल्या विहिरीत असतात. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर हवा भरलेली ट्यूब, कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावर बसलेल्या काकाच्या हातात. पहिले काही दिवस नाकातोंडात पाणी. मग एक दिवस काका दोर सैल सोडतो आणि पोराला ते कळतही नाही. विदर्भातल्या खेड्यात पोहणं येतं ते असं. फी नाही, बॅच नाही.

या पोरांत एखादा असा असतो, ज्याचा हात कडबाकुट्टीत गेलाय, किंवा थ्रेशरच्या पट्ट्यात. एखाद्याचा पाय जन्मापासून बारीक. घरातून पहिलं वाक्य ठरलेलं: "आधीच त्याचं असं, त्यात पाण्यात कायले पाठवता?" आणि काठावरून उत्तर येतं, "येऊ द्या ना काकू, आम्ही आहो ना."

पाण्यात उतरल्यावर एका हाताच्या पोराला पहिली अडचण बुडण्याची येत नाही, सरळ जाण्याची येते. एकाच बाजूनं पाणी ओढलं की अंग फिरतं. मग तो आपोआप दुसरीकडे कंबर वळवायला शिकतो, पायांचा मारा वाढवतो, मान कुठं ठेवायची ते शोधतो. कोणी सांगितलेलं नसतं. पुढे टँकवरचा, म्हणजे पोहण्याच्या तलावावरचा, कोच त्याला जे शिकवतो, त्यातलं बरंच त्याच्या अंगात आधीच बसलेलं असतं.

पण विहीर गोल असते. चार हात मारले की समोर दगड. तिथं पन्नास मीटरची सरळ रेघ नाही. मान वर काढून पोहायची सवय लागते, ती मोडायला महिने जातात. आणि विहिरीत कोणी वळण घेत नाही. स्पर्धेत भिंतीला हात लावून किंवा कोलांटी घेऊन पाय मारून सुटायचं असतं, शर्यतीचा निकाल पुष्कळदा तिथंच लागतो. गावात जो 'लय भारी पोहते' तो टँकमध्ये पहिल्या दिवशी दोरीला घासत, लेन ओलांडत, दम टाकत बाहेर येतो. त्याचा दोष नाही, त्याला असं पाणी पहिल्यांदाच भेटलेलं असतं.

(दृश्य: सकाळ. जिल्ह्याच्या गावचा टँक. खुर्चीवर टेकवून ठेवलेला कृत्रिम पाय, त्यात खोचलेला टॉवेल.)

निवेदन:

हा पाय इथंच राहणार. पॅरा जलतरणात, म्हणजे दिव्यांगांच्या पोहण्याच्या स्पर्धांत, कृत्रिम अवयव लावून पाण्यात उतरता येत नाही. ज्याला ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर, उभं राहता येत नाही तो बसून सुरुवात करतो, किंवा पाण्यातूनच. नियम तेवढी मोकळीक देतो.

टँकपर्यंत पोहोचायचं कसं, ही वेगळी गोष्ट. दिव्यांगांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण सवलतीनं बस लवकर येत नाही. सरावाची वेळ पहाटेची, गावातली पहिली गाडी त्यानंतरची. त्यात लहान शहरांतले टँक उन्हाळ्यात गजबजतात आणि थंडी पडली की ओस पडतात. जलतरणपटूला मात्र डिसेंबरातही पाणी लागतं. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आहे, त्यामुळे तिथल्या पोरांना निदान खेळाचं वातावरण मिळतं. गडचिरोलीच्या आतल्या गावातून निघणाऱ्यानं काय करायचं? मुलगी असेल तर प्रवासाआधी आणखी एक पायरी असते, पोहण्याचा पोशाख. त्यावर घरोघरी किती दिवस बोलणी चालतात, ते कॅमेऱ्यासमोर कोणी सांगत नाही.

(दृश्य: फाइल. प्रमाणपत्रं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), फोटोंची पाकिटं.)

निवेदन:

जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचे टक्के असतात. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असलं की सरकारी योजना सुरू होतात. गावाकडे ओळखच तशी होते, "साठ टक्केवाला." स्पर्धेत या टक्क्यांवर काही ठरत नाही. तिथं वर्गीकरण होतं. आधी टेबलावर झोपवून स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल तपासतात, मग पाण्यात पोहायला लावतात, आणि शेवटी प्रत्यक्ष शर्यतीत नजर ठेवतात. त्यावरून वर्ग मिळतो. शारीरिक दिव्यांगत्वासाठी एस १ ते एस १०, दृष्टीसाठी एस ११ ते १३, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी एस १४. शारीरिक गटात आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. ब्रेस्टस्ट्रोकसाठी (छातीवर, बेडकासारखं पोहणं) एसबी आणि मेडलेसाठी (पोहण्याचे चारही प्रकार एकाच शर्यतीत) एसएम असे आकडे वेगळे, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांवर जास्त भिस्त असते.

एका आकड्यानं करिअर पालटतं. एस ८ मध्ये पदकाच्या जवळ असलेला एस ९ मध्ये ढकलला गेला, की तोच वेळ त्याला अंतिम फेरीतही नेत नाही. खेळाडू तोच, मेहनत तीच. पॅरा खेळांतला सगळ्यांत निष्ठुर भाग मला हाच वाटतो, आणि तरी याच्याशिवाय शर्यत न्याय्य होणार नाही हेही खरं.

(दृश्य: लेनच्या टोकाला काठी घेऊन वाकलेला माणूस. काठीच्या टोकाला मऊ गोळा.)

निवेदन:

याला टॅपर म्हणतात. एस ११ म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ अंध जलतरणपटूंचा वर्ग. सगळ्यांना काळे केलेले गॉगल, म्हणजे ज्याला थोडा उजेड जाणवतो त्याला फायदा नको. शर्यत संपल्यावर ते तपासलेही जातात. दिशा कळावी म्हणून पोहणारा लेनच्या दोरीला हात घासत जातो. सरावानंतर बोटांच्या कडा बघा, कातडी सोललेली असते.

आणि भिंत? ती काठी सांगते. पोहणारी भिंतीजवळ आली की टॅपर डोक्यावर किंवा पाठीवर टपकन टोकतो. लवकर टोकलं तर ती हात लांबवून नुसती तरंगत राहते. उशीर झाला तर डोकं भिंतीवर. बटरफ्लायला एका अंतरावर टोकायचं, बॅकस्ट्रोकला वेगळ्या. दोनशे मीटर मेडले म्हणजे पन्नासच्या टँकमध्ये तीन वळणं आणि एक शेवट, चार वेळा हा भरवसा.

अमरावतीच्या कांचनमाला पांडे याच वर्गातल्या. २०१७ च्या जुलैत त्या बर्लिनला स्पर्धेला गेल्या. मंजूर झालेला पैसा वेळेवर पोहोचला नाही. परक्या शहरात उसनवारी करत दिवस काढावे लागले, हात पसरावे लागले. तशा अवस्थेत त्यांनी रौप्य जिंकलं आणि जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवली. ती स्पर्धा मेक्सिको सिटीला सप्टेंबरअखेर सुरू व्हायची होती, पण १९ सप्टेंबरला तिथं भूकंप झाला. स्पर्धा डिसेंबरवर गेली. म्हणजे तयारी पुन्हा लांबवायची, खर्चही. डिसेंबरात कांचनमालांनी २०० मीटर मेडलेत सुवर्णपदक घेतलं. बातमी देशभर गाजली. टॅपरचं नाव किती बातम्यांत आलं असेल?

अंध जलतरणपटूचं तिकीट एकाचं काढून भागत नाही. सोबतीचा माणूस, टोकणारा माणूस, त्याची रजा, त्याचं जेवण. निधीच्या अर्जात हा माणूस शेवटी येतो आणि कपात करताना सगळ्यांत आधी निघतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

निवेदन:

पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं सुवर्ण पोहण्यातलंच आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, १९७२, हायडेलबर्ग, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. त्याच २०१८ मध्ये सोलापूरकडच्या सुयश जाधवांनी, विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावलेल्या माणसानं, जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं. मात्र २०२४ च्या पॅरिसमध्ये भारताच्या २९ पदकांत पोहण्याचं एकही नव्हतं. भालाफेकीला मैदान पुरतं. पोहायला बारमाही पाणी आणि टँक सांभाळणारी माणसं लागतात.

(दृश्य: घराची ओसरी. कापसाची गाठोडी. भिंतीवर पदकं, खाली ट्रंक.)

निवेदन:

"पोहून काय भेटते?" हा प्रश्न इथं हमखास येतो, आणि तो विचारणारा बाप खेळाचा शत्रू नसतो. शेतातल्या अपघातात एक हात गेला तर शेतकरी अपघात योजनेतून एक लाख मिळतात, दोन्ही गेले तर दोन. पुढचं आयुष्य त्यानं कसं काढायचं? कांचनमाला नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीला लागल्या, हे उदाहरण म्हणून अमरावतीकडे बापलोक तोंडपाठ सांगतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धा सरकारच्या निकषात बसावी लागते आणि प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा कार्यालयातून पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून स्पर्धेचं पत्रक घरी आलं की पोरगा आधी कोणत्या वर्गाची शर्यत किती वाजता ते पाहतो, आणि बाप कागद उजेडाकडे धरून विचारतो, "हे सर्टिफिकेट नोकरीले चालते का?"