रविवार, साडेचार

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड. हमाल नाहीत, ट्रक नाहीत. एक शटर अर्धं वर.)

सांगलीत 'आमचा बँड आहे' म्हटलं की समोरचा विचारतो, लग्न कुणाचं? इथं बँड म्हणजे वरातीतला, नाहीतर मिरवणुकीतला बेंजो. म्हणून अकरावी सायन्सची ही मुलगी हल्ली 'आम्ही वाजवतो' एवढंच सांगते. नाव घालू नका म्हणाली. रविवारी दुपारी क्लासची टेस्ट असते, आणि तिचं दर रविवारी पोट दुखतं.

गोदाम काकांचं, हळदीचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, तेव्हा पाठीशी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. हिच्या पाठीशी काका. राजाश्रय नाही, काकाश्रय. अट एकच, पोत्यांवर बसायचं नाही.

(दृश्य: कीबोर्डच्या काळ्या पट्ट्यांवर पिवळी धूळ. एक बोट ती पुसतं.)

हळद सगळीकडं बसते. गिटारच्या तारा पुसायचा रुमाल बघून आई विचारते, हळदीकुंकवाला जाऊन आलीस का गं?

दीड वर्षापूर्वी ती एकटीच होती. आधी एक ड्रमर सापडला. हात असा, की ऐकत राहावं. पाच रविवारांत दोनदा आला. फोन केला की 'निघालोच की', आणि मागून त्याच्या आईचा आवाज, 'ताट वाढलंय, बस.' मग एक गायक आला. त्याला रील हवं होतं. मुखडा झाला की तो मोबाईलमध्ये स्वतःला बघत बसायचा. अंतऱ्यापर्यंत गाडी कधी गेलीच नाही. बास, म्हणजे मागून खालचे सूर धरणारी गिटार, वाजवणारा तर मिळालाच नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी बास कोण मागतंय? सगळ्यांना पुढं उभं राहायचं असतं.

वाजवणाऱ्यांचा दुष्काळ म्हणावा, तर मिरज हाकेच्या अंतरावर. गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथं स्थायिक झाले. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तबल्याच्या क्लासला गेलेली पोरं गल्लोगल्ली. पण दर रविवारी साडेचारला येणारं? मला विचाराल तर सगळं तिथंच अडतं. आम्ही शूटिंगला तीनदा आलो, त्यात एकदा आम्हालाच पाऊण तास उशीर झाला. ती काही बोलली नाही. घड्याळाकडं बघितलं फक्त.

मग तिनं 'काय वाजवतोस?' हे विचारणंच सोडलं. एक गाणं पाठवायचं आणि सांगायचं, आठ दिवसांत बसवून ये. चौघांना पाठवलं. एकानं 'सोप्पंय' असं कळवलं आणि आलाच नाही. दोघांची निळी टिकसुद्धा आली नाही. चौथा मिरजेहून एसटीनं आला, तबल्याची पिशवी मांडीवर घेऊन. दहावीतला, भजनी मंडळात वाजवणारा. गाणं आवडलं नाही, हे त्यानं आल्या आल्या तोंडावर सांगितलं. पण बसवलं होतं पूर्ण, मधल्या थांब्यासकट.

(दृश्य: हातोडी, तबल्याचे गठ्ठे. जवळून.)

पहिला घोळ सुराचा. तिचं गाणं पांढरी एकमध्ये, त्याचा तबला काळी एकला, म्हणजे अर्धा सूर वर.

'उतरव की जरा.'

'संध्याकाळी भजन हाय. आमचं बुवा काळी एकलाच गात्यात.'

ती थोडा वेळ तबल्याकडं बघत राहिली. मग पिशवीतून कॅपो काढला, म्हणजे गिटारच्या मानेवर बसवायचा चिमटा, आणि पहिल्या पट्टीवर लावला. बोटं तीच, सूर अर्ध्यानं वर. त्यानं हातोडी पिशवीत टाकली.

तिसरा मेंबर काकांचा मुलगा. तो गोदामासोबत आला. कीबोर्डवर डाव्या हातानं बास सांभाळतो, उजव्या हातानं बाकीचं. आपल्याला दोन हातांचा पगार पाहिजे, म्हणतो. पगार अजून कुणालाच नाही. मिरजेच्या एसटीचं भाडं तिघांत वाटून घेतात, आणि एवढा एक हिशोब मात्र चोख असतो.

भांडणं होतात. तबलजीला अभंग करायचाय, तिला स्वतःचं गाणं, कीबोर्डवाल्याला काहीही चालतं आणि त्याचाच दोघांना जास्त राग येतो. सध्या एक रविवार अभंग, एक रविवार तिचं गाणं असं चाललंय.

खरी अडचण फेब्रुवारी-मार्चची. तबलजीची दहावीची परीक्षा, आणि त्याच दिवसांत नवी हळद येते. गोदाम छतापर्यंत भरतं. परवा तिघांनी टेपनं मोजलं. दोन थप्प्यांच्या मधे तबला मावतो, कीबोर्ड आडवा मावत नाही. काका लांबून बघत होते. 'एक थप्पी सरकवतो,' म्हणाले, 'पण आवाज कमी.'

(दृश्य: शटर. घड्याळात चार सत्तावीस.)

फोन वाजतो. 'स्टँडवर उतरलोय की. रिक्षा बघतोय.'

'ये,' ती म्हणते. फोन पोत्यावर ठेवते, कॅपो काढते आणि पहिल्या पट्टीवर लावते.